माळ्यावरची भांडी

जेद्दात मी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, दलालाने चुकून बांधकाम अर्धवट राहिलेल्या मजल्यावर आणलंय. चार भिंती, फरशी, भिंतीतून डोकावणारे दोन पाइप आणि कोपऱ्यात सांडपाण्याचं एक भोक. ओटा नाही, सिंक नाही, कपाट तर नाहीच. इथे बऱ्याच घरांमध्ये स्वयंपाकघर हा घराचा भाग नसतो, ते भाडेकरूचं सामान असतं. तो येताना ओटा-कपाटं बसवून घेतो आणि जाताना उचकटून नेतो, नाहीतर पुढच्याला विकतो. जाहिरातीत 'मतबख राकिब' असे शब्द असतील तर समजायचं की स्वयंपाकघर बसवलेलं आहे. माझ्या जाहिरातीत ते नव्हते. माझं अरबी तेव्हा भाजीचे भाव विचारण्यापुरतं होतं, त्यामुळे नसलेल्या शब्दांकडे लक्ष जायचा प्रश्नच नव्हता.

जर्मनीतले वाचक इथे मान डोलावतील. त्यांच्याकडेही अशी रिकामी स्वयंपाकघरं मिळतात. बाकीच्यांनी एवढंच लक्षात घ्या की वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हे माझं पहिलं स्वतःचं स्वयंपाकघर होतं. पुण्यात पीएचडी संपेपर्यंत हॉस्टेलची मेस, आणि इथे पोस्टडॉक म्हणून आल्यावर पहिलं वर्षभर गेस्ट हाउसच्या खोलीतला मायक्रोवेव्ह. नोकरीचा करार एका वर्षाचा, इकामाही एका वर्षाचा. भाडं मात्र सहा महिन्यांचं आगाऊ. भाडेकरार 'इजार' नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. ते नाव वाचून मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला 'इजारा' आठवला. शब्द तोच, अरबी. मग ओटा घ्यायला जुन्या सामानाच्या बाजारात गेले, तर त्या बाजाराला म्हणतात 'हराज', म्हणजे आपला 'हर्रास'. इतकी जुनी ओळख असलेल्या भाषेत आपण अजून पाहुण्यासारखे वावरतो, याची गंमत वाटली.

हराजमध्ये एका घराचं आख्खं स्वयंपाकघर मिळालं. पांढरी कपाटं, एका दाराची बिजागरी निखळलेली, आत कुणाच्या तरी मुलाने चिकटवलेले फुटबॉलपटूंचे स्टिकर. सुदानी सुतार आला, अर्ध्या दिवसात बसवून गेला. इमारत जुनी असल्याने भिंतीत दोन प्रकारचे सॉकेट आहेत, एक १२७ व्होल्टचा आणि एक २२० चा. भारतातून आणलेला मिक्सर पहिल्यात लावला तर चटणी वाटायच्या ऐवजी नुसता कण्हत बसतो.

आता भांडी. किती घ्यायची?

हा प्रश्न खर्चाचा आहे असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. मी कागदावर यादी केली: एक लोखंडी तवा, एक तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक सुरी, एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा. पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबा आईने बॅगेत कोंबून दिलेले होतेच. यादी लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. वर्षाचा करार असलेल्या माणसाने याहून जास्त काय जमवावं? अपरिग्रह हा शब्दही मनात येऊन गेला. गांधीजींचा तो व्रतातला शब्द मी सहा रियालच्या ताटाला लावत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आणि एकांतवासाचा आदर्श म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या थोरोच्या वॉल्डनकाठच्या झोपडीतही तीन खुर्च्या होत्या, हेही नंतर आठवलं.

यादी आईला फोनवर वाचून दाखवली. आमचं घर कराडचं. घरी स्वयंपाकघराच्या वर एक माळा आहे आणि त्या माळ्यावर, जुन्या चादरीत बांधून, माझी भांडी आहेत. 'माझी' म्हणजे माझ्या लग्नात द्यायची. मी सहावीत असल्यापासून आई ती जमवत आली आहे. बोहारीण दारात यायची, आई बाबांच्या जुन्या पँटी आणि स्वतःच्या जरीच्या साड्या पुढे टाकायची, आणि पातेल्यावरून दोघींची तासभर घासाघीस चालायची. "एवढ्यात नाही परवडत वहिनी, अजून एक शर्ट टाका." त्यातून उतरत्या मापाचे डबे आले, परात आली, आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं आलं, बारा ताटं आली. शेजारच्या घरातली लग्नं पाहून आई रुखवताचा हिशोबही मनातल्या मनात करायची. भांड्यांवर नाव मात्र घातलं नव्हतं. नाव लग्न ठरल्यावर घालायचं असतं, कारण कोणतं नाव घालायचं ते तेव्हाच कळतं.

मी म्हटलं, "आई, त्यातली दोन-चार पाठव की. इथे सगळं विकत घ्यायला लागतंय."

"ती संसाराची आहेत गं."

"मग मी इथे काय करतेय?"

"नोकरी," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने जे आहे ते सांगितलं.

तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलं असेल. आपल्या भाषेत 'संसार मांडणे' म्हणजे भांडी मांडणे, आणि 'भांडी मांडणे' म्हणजे लग्न. भातुकलीतही बाहुला-बाहुलीचं लग्न लागल्याशिवाय चूल पेटत नाही. एकट्या माणसाकडे जे असतं त्याला आपण 'सामान' म्हणतो. दोघांचं झालं की तेच सामान संसार होतं. त्यामुळे एकट्या माणसाला भांडी द्यायला कुणी येत नाही. विचार करा, जिचं लग्न होतं तिला दोन्हीकडच्या नातेवाइकांकडून पन्नास-साठ भांडी आहेरात मिळतात, त्यातली निम्मी ती कधी काढतही नाही. जी तेहतिसाव्या वर्षी परक्या देशात एकटी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी असते, तिला मात्र चमच्यापासून सगळं स्वतः आणायचं असतं. गरजेचा आणि आहेराचा काही संबंध नाही. आहेर स्थानाला मिळतो.

सौदीत माझं स्थान काय, हे मला एका हॉटेलच्या दाराने सांगितलं. २०१९ च्या डिसेंबरपर्यंत इथल्या हॉटेलांना दोन वेगळी दारं ठेवणं बंधनकारक होतं, एक 'अफराद' म्हणजे सुट्या पुरुषांसाठी आणि एक 'आइलात' म्हणजे कुटुंबांसाठी. मी आले तेव्हा तो नियम गेला होता, पण जुन्या हॉटेलांवर पाट्या तशाच आहेत. एका दुपारी मी फूल-पोळी (फूल म्हणजे शिजवलेले बाकळ्यासारखे दाणे, आणि पोळी म्हणजे तमीस, तंदूरमधली भली मोठी रोटी) खायला गेले आणि दोन दारांपुढे थबकले. एकटी बाई कुठल्या दाराने जाते? आतल्या पोऱ्याने हात केला: आइलात. या व्यवस्थेत बाई एकटी असली तरी ती कुटुंब. ही व्यवस्था बायकांच्या भल्यासाठी केलेली होती असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण कराडमध्ये जे मला मिळेना, ते या पाटीने न मागता देऊन टाकलं, हे मात्र खरं. घरमालकांच्या जाहिरातींतही अशीच वाटणी असते, कुटुंबांसाठीच्या इमारती आणि सड्यांसाठीच्या इमारती, आणि मी कुटुंबांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. एक ताट घेऊन.

भांड्यांनंतर किराणा. त्याची फार चिंता करू नका, जेद्दात उपाशी मरायची सोय नाही. शरफियाच्या मल्याळी दुकानांत ओलं खोबरं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या मिळतात. अझीझियात पाकिस्तानी दुकानांत डाळी, गूळ, बेसन. अल-बलदच्या जुन्या बाजारात मसाल्यांची पोती उघडी असतात आणि दालचिनीचा वास मक्का दरवाजाच्या अलीकडेच सुरू होतो. प्रश्न एकाच जिनसेचा आला: खसखस. खसखस हे अफूच्या बोंडातलंच बी, आणि सौदीत त्यावर बंदी आहे. दुकानात मिळत नाही आणि सामानातून आणायची नाही. आता सातारा-कोल्हापूरकडच्या माणसांना सांगायला नको की आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस भाजून घालतात.

पुण्याहून एक विद्यार्थी आमच्या विद्यापीठात रुजू व्हायला येणार होता. तो एक किलो मसाला आणायला तयार झाला. आई एसटीने पुण्याला जाऊन त्याच्या खोलीवर डबा देऊन आली. रात्री मी सहज विचारलं, खसखस घातली नाहीस ना? आई म्हणाली, "वाटीभर तर असते. सगळं कांडून एक झालंय, कोण बघतंय?"

कोण बघतंय, हे अगदी बरोबर होतं. बहुतेक कुणीच बघितलं नसतं. पण बघितलं असतं तर पकडला गेला असता तो, ज्याला त्या डब्यात काय आहे याची कल्पना नव्हती, जो पहिल्यांदा देशाबाहेर पडत होता. माझी जीभ आणि त्याची बॅग. मी त्याला फोन करून सांगितलं, डबा आणू नकोस. आईला ते फार लागलं. चार तासांचा प्रवास, गुडघे दुखत असताना. "माझ्या हातचं तुला चालत नाही म्हण," एवढं बोलून तिने फोन ठेवला. दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर बिनखसखशीचा मसाला आला. चवीत फरक आहे. खोटं कशाला बोलू.

हे सांगायचं कारण असं की तोवर मी 'किती घ्यायचं' हा प्रश्न फक्त माझ्याकडून बघत होते: माझी गरज, माझा करार, माझं ताट. त्या डब्याने पहिल्यांदा दाखवलं की माझ्या फडताळात जे येतं ते कुणाच्या तरी खांद्यावरून येतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहायचं, मूळचं खेडजवळचं, कोकणी मुसलमान. कोकणातल्या त्या पट्ट्यातून आखातात यायची वाट आता पिढ्यांची आहे. मी त्यांना भाभी म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दारावरचं नाव वाचून थेट मराठीत हाक मारली, आणि माझ्या वरच्या स्वरातल्या देशावरच्या मराठीला हसल्या. मी पातेलं म्हणायचे, त्या टोप. त्यांनीच मला जिझानी माणसाच्या दुकानात नेलं. जिझान म्हणजे सौदीचा नैर्ऋत्य कोपरा, येमेनला लागून. तिकडचे लोक ज्वारी खातात आणि बाजरीही. बाजरीला ते 'दुख्न' म्हणतात. परदेशात भाकरीचं पीठ जपून जपून वापरणाऱ्या वाचकांनो, इथे ते गोणीत असतं. त्याच दुकानात दगडात कोरलेली जाड भांडी होती, मटण आणि भाज्या त्यात घालून भट्टीत शिजवतात. भांड्याला 'मगश' म्हणतात आणि त्यात शिजलेल्या कालवणालाही मगशच. मी ते हातात घेऊन परत ठेवलं. वजन बघून मनात आलं ते हेच, जाताना हे कुठे नेणार?

एका शुक्रवारी मी बाजरीच्या भाकरी केल्या आणि पिठलं. भाभींना हाक मारली, या गरम गरम खायला. त्या आल्या, आणि मी ताट काढताना थांबले. ताट एक होतं. मी त्यांना ताटात वाढलं आणि स्वतः कुकरच्या झाकणात घेतलं. हसत हसत म्हटलं, "मी एकटी ना, कशाला जास्त घ्या." भाभींनी भाकरी मोडली, पिठलं लावलं, आणि म्हणाल्या, "एकटी आहेस म्हणून एक ताट घेतलंस, की एक ताट घेतलंस म्हणून एकटी?"

पीएचडीच्या व्हायव्हात मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी विषय बदलला.

पण तो प्रश्न गेला नाही, आणि त्याचा माग काढत मी अशा ठिकाणी पोचले जिथे जायची इच्छा नव्हती: मनुस्मृती. जे पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, आणि योग्य केलं, त्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची एक यादी आहे. चूल, वाटायचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. पाचच वस्तू. या यादीला नाव आहे 'सूना', म्हणजे हत्येची ठिकाणं. चुलीत किडे जळतात, दगडाखाली चिरडतात, केरसुणीने मरतात. घर मांडलं की या पाच ठिकाणी रोज हिंसा होते आणि ती टाळता येत नाही. म्हणून गृहस्थाने रोज पाच प्रकारे परतफेड करायची, त्यातली एक म्हणजे दारी आलेल्या माणसाला जेवू घालणं.

ज्या ग्रंथाच्या हिशोबात माझ्यासारख्या बाईला स्वतःचं घर असूच शकत नाही, त्यातली ही एक कल्पना मला खरी वाटते, तिला काय करू? तिच्यात स्वयंपाकघर ही मालमत्ता नाही. ते कर्ज आहे. भांडी आणली त्या क्षणी ते सुरू होतं, लग्न असो वा नसो, आणि ते किती आहे हे ताटांच्या संख्येवर ठरत नाही.

माझ्या पाण्याच्या घागरीचंच बघा. हा माझा विषय असल्यामुळे थोडं सहन करा. जेद्दाला नदी नाही. माझ्या नळाचं पाणी समुद्राचं आहे. आजकालच्या पद्धतीत ते पडद्यांमधून दाबाने ढकलून गोडं करतात, आणि हजार लिटर पाण्याला साधारण ३ ते ४ युनिट वीज जाते. मागे उरलेलं दुप्पट खारट पाणी तांबड्या समुद्रात परत सोडतात. मी एक ताट धुतलं काय आणि चार धुतली काय, या व्यवस्थेत मी आहेच. तेच गॅसचं. सिलिंडर खांद्यावरून तीन मजले चढवून देणारा माणूस माझी यादी किती छोटी आहे म्हणून कमी दमत नाही. एका ताटाच्या यादीत मी जगाकडून घ्यायचं ते सगळं घेतलं होतं. वगळली होती फक्त दुसऱ्याला द्यायची सोय, आणि त्यालाच साधेपणा म्हणत होते.

याच्या उलट बाजूही मला माहीत आहे. आमच्या कराडच्या घरात ताटं भरपूर होती, तरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. भांडी जास्त असली म्हणजे मन मोठं असतं असं नाही. उलट वेगळा कप ठेवायला जास्तीची भांडी लागतात. तेव्हा बारा ताटं घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, बांगलादेशी आहे. जिन्याखालच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे एक शेगडी आणि चार ताटं आहेत. मी मोजली, कारण दार उघडंच असतं आणि ती भिंतीला टेकवून उभी असतात. संध्याकाळी गल्लीतले दुसरे राखणदार येतात आणि चौघं खाली बसून भात खातात. त्याचा करार माझ्यापेक्षा कच्चा, पगार माझ्या पगाराच्या किती अंशाने ते मी सांगत नाही. मला मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी आठवल्या. गावाकडे बायका-मुलं ठेवून आलेले, वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला घरी जाणारे हजारो गिरणी कामगार ज्या बायकांच्या हातचं जेवले, त्या खाणावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. ते कामगार मुंबईत आयुष्यभर 'तात्पुरते' होते. त्यांना कुणी विचारलं असतं, तुमचा संसार कुठे, तर गावाचं नाव सांगितलं असतं. पण तीस-चाळीस वर्षं ते रोज ज्या पंगतीला बसले तिला काय म्हणायचं? आपल्याकडे तिला शब्द नाही आणि म्हणून ते आयुष्य नव्हतंच, अशी आपली समजूत होऊन बसते.

परदेशातल्या मराठी माणसाला ही समजूत चांगली माहीत आहे. "दोन वर्षांनी परत जायचंच आहे" म्हणत प्लास्टिकच्या डब्यांत डाळी ठेवणारी घरं तुम्ही पाहिली असतील, कदाचित त्यात राहिलाही असाल. अमेरिकेत निदान एक दिवस ग्रीन कार्ड येईल अशी आशा असते. इथे बहुतेकांना ती नाही. इथे सत्तावीस वर्षं राहूनही बहुतेकांच्या पोटात इकाम्याची मुदत संपत आली की गोळा येतोच.

भाभी सत्तावीस वर्षं राहिल्या. २०१७ च्या जुलैपासून इथे परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर फी लागली, माणशी महिना १०० रियाल; दरवर्षी वाढत २०२० मध्ये ती ४०० झाली. भाभी आणि दोन मुलं मिळून महिन्याला १,२००, वर्षाला १४,४०० रियाल, फक्त इथे एकत्र असण्याचे. किती कुटुंबं त्यात फुटली आणि बाप एकटे राहिले ते अझीझियातली कुणीही बाई बोटांवर मोजून दाखवेल. भाभींनी तरी काही वर्षं रेटलं. मग धाकट्याची बारावी झाली आणि त्यांनी 'खुरूज निहाई', म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का घेतला. भाई मागे राहणार होते, सड्यांच्या इमारतीत.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्या घरातून सामान हराजला जात होतं. फ्रिज, पलंग, कपाटं. भांडी मात्र भाभींनी जाऊ दिली नाहीत. एका संध्याकाळी त्या आणि त्यांची मुलगी सहा ताटं, सहा वाट्या, एक पाच लिटरचा टोप, झारा आणि ओगराळं घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, भाभी, याचे पैसे तरी घ्या. त्या म्हणाल्या, "वर्षभरासाठी म्हणून आलो होतो आम्ही. पहिल्या महिन्यात मी याच टोपात आठ माणसांचा भात केला होता." पैशाचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

खरं सांगायचं तर घेताना मला अवघडल्यासारखं झालं. जिला घर सोडावं लागतंय तिच्याकडून भांडी घ्यायची, आणि स्वतःचं सगळं शाबूत. हराजमधून ओटा घेताना असं काही वाटलं नव्हतं, कारण तिथे पैसे दिले होते आणि स्टिकर लावणारं पोर कुठल्या देशात परत गेलं ते मला माहीत नव्हतं. पैसे दिले की आपण सुटतो. इथे मला सुटता येईना. पण 'नको' म्हणाले असते तर ते माझ्या अवघडलेपणासाठी झालं असतं. त्यांच्यासाठी नाही. मी घेतली.

टोपाच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आहे. भाभींचं माहेरचं नाव, त्यांच्या आईचं नाव, आणि साल १९९६. देवनागरीत, खेडच्या बाजारात कुणीतरी खिळ्याने ठोकलेलं.

आता शुक्रवारी माझ्याकडे कुणीतरी असतं. तो पुण्याचा विद्यार्थी येतो, प्रयोगशाळेतली एक ट्युनिशियन मैत्रीण येते, एकदा भाईही येऊन गेले आणि टोपाकडे न बघता जेवले. हारिसला मी डबा खाली नेऊन देते, कारण तो वर येत नाही. ही गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही. जिझानी दुकानातला मगश अजून घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आईला मसालेभात दाखवत होते. तिने भाताकडे पाहिलंच नाही. "ते पातेलं फिरव बघू जरा. काय लिहिलंय त्याच्यावर?" मी फिरवलं. आईने चष्मा लावून ते नाव सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. ती काही वेळ बोलली नाही. तिच्या मनात काय काय आलं असेल याचे मी दोन-तीन अंदाज बांधले, त्यातले एक-दोन मला आवडले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

"किती लिटरचं आहे?" तिने विचारलं.

"पाच."

"आपलं आठाचं आहे," आई म्हणाली. मग तिने भातात काजू घातलेस का ते विचारलं.